सुटला, पण कशातून? ‘निर्दोष’, ‘दोषमुक्त’, ‘जामीन’, ‘क्लीन चिट’ यांतला नेमका शब्द निवडायची पद्धत

बसस्टँडसमोर फ्लेक्स लागतो. मधे हार घातलेला फोटो, खाली वीस-पंचवीस कार्यकर्त्यांचे गोल चेहरे आणि वर ठळक अक्षरांत ‘निर्दोष मुक्तता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. टपरीवर विचारलं की कळतं, काल फक्त जामीन झालाय. आरोपपत्र अजून यायचंय.

फ्लेक्सचं एकवेळ सोडून देऊ. पण हीच गफलत तालुक्याच्या बातमीत होते, ग्रामसभेच्या ठरावात होते आणि पोलीस भरतीच्या फॉर्मातही होते. तिथे ती कुणाची नोकरी घालवते, नाहीतर कुणाला अब्रुनुकसानीची नोटीस आणते. मराठवाड्यातल्या एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं वार्ताहरांच्या बातम्या नीट करायचं काम केलं. पाच आरोपींपैकी तिघेच सुटले असताना ‘पाचही निर्दोष’ असा मथळा मी स्वतः देऊन बसलो आहे. कारण एकच होतं. शब्द आधी सुचला आणि आदेश नंतर वाचला.

म्हणून खालचा क्रम पाळा. यात शब्द सगळ्यात शेवटी येतो.

लिहायला बसण्याआधी

तीन गोष्टी समोर हव्यात.

पहिली, आदेशाची प्रत. वकिलाचा फोन किंवा आरोपीच्या मेहुण्याने पाठवलेला मेसेज म्हणजे प्रत नव्हे. नक्कल मिळायला वेळ लागत असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून प्रकरण उघडा. प्रत हातात आली की आधी शेवटचं पान वाचा. ‘आदेश’ या मथळ्याखाली आकडे टाकून जे लिहिलेलं असतं, तेवढाच निकाल. आधीच्या वीस पानांत वकिलांनी काय म्हटलं हेही लिहिलेलं असतं, आणि लोक नेमकं तेच उचलतात.

दुसरी, गुन्ह्याचा तपशील: पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, साल, कलमं, आरोपी किती.

तिसरी, एक कोरा कागद. त्यावर चार प्रश्न लिहा. कोणी सोडलं? कोणत्या टप्प्यावर? कशातून? पुढे काय शिल्लक आहे?

*थांबा:* प्रत मिळाली नसेल तर निकालाचा शब्द वापरूच नका. ‘न्यायालयाने आज निकाल दिला, प्रत मिळाल्यावर तपशील देऊ’ एवढं पुरतं. अर्धवट बातमीने कुणी मरत नाही.

१. सोडलं कोणी, ते आधी ठरवा

पोलिसांनी सोडलं, न्यायालयाने सोडलं, खात्याने सोडलं, राज्यपालांनी शिक्षा माफ केली की फिर्यादीने तक्रार मागे घेतली, या पाचही गोष्टींना गावात एकच शब्द आहे: ‘सुटला’. बोलताना चालतो. लिहिताना त्याला कर्ता जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्वांत जास्त घोळ पोलिसांच्या सोडण्यात होतो. चौकशीला बोलावलं, नोटीस हातात दिली आणि संध्याकाळी घरी पाठवलं, तर माणूस कशातूनही मोकळा झालेला नसतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४१अ, यात अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. इथे ‘नोटीस देऊन सोडण्यात आले’ हे बरोबर. ‘पोलिसांनी निर्दोष सोडले’ हे कधीच बरोबर नाही, कारण निर्दोष ठरवणं पोलिसांच्या हातात नाही.

२. प्रकरण कुठवर आलं होतं?

वाट अशी असते: गुन्हा दाखल, तपास, आरोपपत्र किंवा समरी (तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल), दोषारोप निश्चिती (न्यायालयाने आरोप ठरवणं), साक्षीपुरावे, निकाल, अपील. आदेश यातल्या कुठल्या थांब्यावरचा आहे ते कागदावर खूण करून ठेवा.

एक सोपी खूण प्रकरणाच्या नंबरातच सापडते. आर.सी.सी., एस.सी.सी. (न्यायदंडाधिकाऱ्यांकडचे फौजदारी खटले) किंवा सेशन्स केस (सत्र न्यायालयातला खटला) असेल तर तो मूळ खटला. जामीन अर्जाला मात्र वेगळा नंबर पडतो. तुमच्या हातातला आदेश जामीन अर्जाच्या नंबरचा असेल, तर ‘निर्दोष’ हा शब्द तिथेच बाद.

*तपासा:* कलमासोबत कायद्याचं नाव आहे का? १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि आकडे हलले. जुन्या कायद्यात कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार. नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचा अधिकार गेला ५२८ मध्ये. ‘४८२ चा अर्ज मंजूर’ एवढंच ऐकून कुणी ‘गुन्हा रद्द’ असा मथळा दिला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. तसंच, २०१९ च्या गुन्ह्याची भारतीय दंड विधानातली कलमं घरबसल्या त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या आकड्यांत बदलू नका. गुन्हा ज्या कायद्याखाली दाखल आहे, तेच आकडे ठेवा.

३. आता शब्द लावा

*जामीन.* ही तात्पुरती मोकळीक आहे. गुन्हा केला की नाही, यावर न्यायालयाने अजून काही ठरवलेलं नसतं. एक प्रकार तर पुराव्याशी संबंधितच नाही. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत, आरोपपत्र दिलं नाही की कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्याची बातमी ‘पुरावा नसल्याने सुटका’ अशी छापलेली मी पाहिली आहे. ‘मुदतीत आरोपपत्र न आल्याने जामीन’ असं सरळ लिहा. आपल्याकडे ‘जमानत झाली’ म्हणतात, तेही चालेल, अर्थ तोच.

*समरी.* तपासाअंती पोलीस आरोपपत्राऐवजी समरी अहवाल देतात. महाराष्ट्रात तिचे तीन प्रकार आहेत. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा हाती लागला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी, आकसाने केलेली. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाचा वाद. बांधाच्या भांडणातून दाखल झालेले किती तरी गुन्हे ‘सी’मध्ये जातात. नुसतं ‘समरी झाली’ लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही. अक्षर लिहाच, कारण ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि समरी पोलिसांनी *पाठवली* म्हणजे ती न्यायालयाने *स्वीकारली* असं नाही. फिर्यादीला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं, न्यायदंडाधिकारी पुढील तपासाचा आदेशही देऊ शकतात. तोवर ‘बी समरी अहवाल सादर, न्यायालयाचा निर्णय बाकी’ असंच लिहा.

*गुन्हा रद्द.* हे काम उच्च न्यायालयाचं, आपल्यासाठी बहुधा औरंगाबाद खंडपीठाचं. नवरा-बायकोच्या वादातलं ४९८अ (भारतीय दंड विधानातलं विवाहितेच्या छळाचं कलम) आपल्याकडे कायद्याने तडजोडीला पात्र नाही, म्हणून समेट झाला तरी दोघांना खंडपीठात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. इथे कुणी दोषी ठरलेलं नाही आणि कुणी निर्दोषही ठरलेलं नाही. खटलाच उरला नाही. ‘गुन्हा रद्द’ एवढंच लिहा आणि संमतीने झाला असेल तर तेही नोंदवा.

*दोषमुक्त.* ही खरी निसरडी जागा. आरोपपत्र आलं, पण खटला चालवण्याइतकाही आधार नाही असं न्यायालयाला वाटलं, तर दोषारोप ठेवण्याआधीच आरोपीला मोकळं करतात. नव्या संहितेत याची कलमं २५०, २६२ आणि २६८. जुन्यात २२७, २३९ आणि २४५. वकील याला ‘डिस्चार्ज’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘दोषमुक्त’ म्हणतात. पण कायद्याच्या मराठी पाठात याला ‘विनादोषारोप सोडणे’ म्हटलं आहे, आणि ‘दोषमुक्ती’ हा शब्द पूर्ण खटल्यानंतरच्या सुटकेसाठी ठेवला आहे! म्हणजे पेपरातला ‘दोषमुक्त’ आणि कायद्यातला ‘दोषमुक्त’ ही दोन वेगळी माणसं आहेत.

यावर माझा तोडगा असा. बातमीत ‘दोषमुक्त’ लिहायचं असेल तर शेजारी ‘खटला सुरू होण्याआधीच’ हे शब्द ठेवा. अर्जात किंवा सरकारी पत्रात आदेशातला मूळ शब्द जसाच्या तसा घ्या आणि पुढे कायद्याचं नाव व कलम टाका. फरक नुसता भाषेचा नाही. खटला चालून निर्दोष सुटलेल्यावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्जला हे संरक्षण नाही. नवा पुरावा आला तर दार परत उघडू शकतं.

*निर्दोष मुक्तता.* खटला चालला, साक्षी झाल्या आणि गुन्हा सिद्ध झाला नाही, तर हाच शब्द. आपल्याकडचे जुने लोक ‘बरी झाला’ म्हणतात. हा उर्दूतला ‘बरी’, आजारातून उठलेला ‘बरा’ नव्हे. गंमत अशी की ‘बरी झाला’ आणि ‘डिस्चार्ज मिळाला’ ही दोन्ही वाक्यं फोनवर ऐकली तर माणूस दवाखान्यातून घरी आला असंच वाटतं. माझ्या एका वार्ताहराला खरंच तसं वाटलं होतं.

*तडजोडीने मुक्तता.* काही गुन्हे फिर्यादीशी समेट करून मिटवता येतात. किरकोळ मारहाण, शिवीगाळ, न वटलेल्या चेकची प्रकरणं लोकअदालतीत अशीच निघतात. कायद्याने याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच होतो, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण ‘फिर्यादीशी तडजोड झाल्याने’ हे कारण गाळलं तर वाक्य खरं असूनही फसवं होतं. समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, फिर्यादी तारखेला आलाच नाही म्हणून झालेल्या मुक्ततेचंही तसंच.

*खटला मागे घेणे.* आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची घोषणा होते आणि त्याच रात्री ‘गुन्हे मागे’ म्हणून फटाके वाजतात. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर तर हा शब्द मराठवाड्याच्या गावागावांत पोचला. घोषणा म्हणजे मुक्तता नव्हे. सरकारी वकिलाला त्या त्या खटल्यात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असतील तर, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार, उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. संमती मिळाल्याचा कागद येईपर्यंत ‘मागे घेण्याची घोषणा’ असंच लिहा.

*यांपैकी कशालाही ‘निर्दोष’ म्हणू नका:* शिक्षेत सूट, राज्यपालांची माफी, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका (१९५८ चा परिवीक्षा कायदा), माफीचा साक्षीदार आणि ‘आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा’. शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. माणूस त्याच दिवशी तुरुंगाच्या दारातून बाहेर येतो, हार पडतात, पण त्याला दोषी ठरवलेलं असतं. माफीचा आणि निर्दोषपणाचा तर उभा दावा आहे, कारण माफी मिळायची तर आधी दोष असावा लागतो.

४. ‘कशातून’ आणि ‘का’

आता आरोपी मोजा आणि कलमं मोजा. खुनाच्या कलमातून सुटला पण मारहाणीच्या कलमात दोन वर्षं लागली, असे निकाल भरपूर लागतात. अशा वेळी शिक्षा आधी लिहा, सुटका नंतर. उलट क्रमाने लिहिलं की मथळा देणारा फक्त पहिलं वाक्य उचलतो. (तो मथळा देणारा मीच होतो.)

कारण लिहिताना तीन शब्दप्रयोग एकमेकांत मिसळू नका. ‘पुराव्याअभावी’ म्हणजे पुरावा नव्हता किंवा पुरेसा नव्हता. ‘संशयाचा फायदा’ म्हणजे पुरावा होता, पण शंकेला जागा उरली आणि ती आरोपीच्या पदरात गेली. ‘साक्षीदार फितूर’ म्हणजे ज्यांनी सांगायचं तेच उलटले. निकालात जे असेल तेच लिहा. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्द फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात कुठेच नाही. तो न्यायालयांनी नोकरीच्या प्रकरणांत वापरला आहे. निकालात नसेल तर आपल्या मनाने ‘सन्मानपूर्वक’ किंवा ‘बाइज्जत’ जोडू नका.

*इशारा:* आरोपी निर्दोष सुटला यावरून फिर्याद खोटी होती असा अर्थ निघत नाही. न्यायालयाने तसं स्पष्ट म्हटलं असेल किंवा ‘बी’ समरी स्वीकारली असेल, तरच ‘खोटी तक्रार’ लिहा. एरवी एकाची अब्रू वाचवताना दुसऱ्याची घालवाल. लैंगिक गुन्ह्याच्या प्रकरणात तर जास्तच जपा. आरोपी सुटला तरी पीडितेची ओळख उघड करता येत नाही, आणि चारशे उंबऱ्यांच्या गावात ‘शेजारी राहणारी, नात्यातली’ एवढं म्हटलं तरी ओळख पटते. अल्पवयीन मुलाबाबतही नाव, शाळा, गाव, काहीच नको. आणि ‘आरोपी’ नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’.

५. क्रियापद जपून

‘निर्दोष असल्याचे सिद्ध झाले’ हे वाक्य दर आठवड्याला छापून येतं आणि जवळजवळ दर वेळी चुकीचं असतं. आरोपीला निर्दोषपणा सिद्ध करायचा नसतो. गुन्हा सिद्ध करायचा असतो सरकार पक्षाला, आणि तो सिद्ध झाला नाही. म्हणून ‘गुन्हा सिद्ध न झाल्याने निर्दोष मुक्तता’.

‘सुटका’ आणि ‘मुक्तता’ यांचीही अदलाबदल नको. सुटका तुरुंगातून, ओलिसातून, विहिरीत पडलेल्या वासराची. मुक्तता आरोपातून. माणसाची मुक्तता सोमवारी होते आणि कागद तुरुंगात पोचेपर्यंत सुटका बुधवारी होते, असंही घडतं.

‘खारीज’ हा आपल्याकडचा लाडका शब्द, पण काय खारीज झालं हे सांगितल्याशिवाय तो निरुपयोगी आहे. केस खारीज झाली तर आरोपीला पेढे, अर्ज खारीज झाला तर त्याच आरोपीला कोठडी.

आणि ‘क्लीन चिट’. हा शब्द ना न्यायालयाचा, ना पोलिसांचा, ना खात्याचा. राजकीय बातमीत कुणाचं तरी वाक्य उद्धृत करताना वापरा, स्वतःच्या वाक्यात टाळा. ‘क्लीन चिट मिळाली’ असं लिहायचा मोह झाला की चिट कुणी दिली, कुठे आहे, तिच्यावर सही कुणाची, एवढं स्वतःला विचारा. उत्तर आलं की खरा शब्द आपोआप सापडतो.

६. कचेरीतली चौकशी

जिल्हा परिषदेचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी यांच्या बाबतीत न्यायालयाचे शब्द उचलून इकडे लावू नका. इथले नियम वेगळे: राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे. इथला क्रमही वेगळा.

निलंबन मागे घेतलं, माणूस परत शाळेवर रुजू झाला. हे फक्त पुनःस्थापन. चौकशी चालूच असू शकते. चौकशी अधिकाऱ्याने ‘दोषारोप सिद्ध होत नाहीत’ असा अहवाल दिला तरी तो अहवालच असतो. निर्णय शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा, आणि तो अहवालाशी असहमतही होऊ शकतो. अंतिम आदेशात ‘दोषमुक्त करण्यात येत आहे’ आलं, तेव्हाच दोषमुक्त. ‘प्रकरण नस्तीबद्ध’ किंवा ‘दप्तरी दाखल’ म्हणजे फाइल बंद झाली. का बंद झाली ते वरच्या ओळीत वाचा. कधी आरोप टिकले नाहीत म्हणून, कधी कर्मचारी वारला म्हणून.

एक कसोटी सहसा दगा देत नाही. निलंबनाचा काळ कसा धरला ते पाहा. ‘कर्तव्यकाळ’ धरून पूर्ण पगार दिला असेल तर माणूस खरोखर मोकळा झाला. ‘निलंबन काळ निलंबन म्हणूनच’ असेल तर कुठेतरी काहीतरी चिकटलेलं आहे. आणि ‘ठपका ठेवण्यात येत आहे’ ही छोटी का होईना, नियमांतली शिक्षा आहे. ती मिळालेल्या गुरुजींचा ‘निर्दोष ठरल्याबद्दल’ सत्कार करू नका, निदान पत्रिकेत तसं छापू नका.

न्यायालयातून सुटलं की खात्याची चौकशी आपोआप संपते, हाही गैरसमजच. दोन्हीकडे पुराव्याचं माप वेगळं आहे.

७. नोकरीच्या फॉर्मात काय लिहाल

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबतो. बीड, परभणी, हिंगोलीकडची पोरं पहाटे चारला उठून मैदानावर पळतात, भरतीत निवड होते आणि साक्षांकन नमुन्यातल्या (निवडीनंतर भरायच्या पडताळणीच्या फॉर्मातल्या) एका ओळीवर गाडी अडते: ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ गावात चुलत्याशी झालेल्या भांडणात नाव आलेलं असतं, दोन वर्षांपूर्वी केस मिटलेली असते. कुणीतरी सांगतं, ‘सुटलास ना? मग नाही लिही.’

तो प्रश्न शिक्षेचा नाही, गुन्हा *दाखल झाला होता का* याचा आहे. तिथे उत्तर ‘होय’. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हा सगळा विषय मांडला आहे. खरी माहिती दिली तर नेमणूक देणारा प्रकरणाचं स्वरूप पाहून ठरवतो. लपवली, तर ते लपवणंच अपात्रतेचं कारण होऊ शकतं. दोन मिनिटं देऊन असं लिहा:

“गु.र.नं. ___/२०१९, पोलीस ठाणे ___, जि. परभणी, भा.दं.वि. कलम ३२३, ५०४, ५०६. आर.सी.सी. क्र. ___/२०१९. मा. न्यायदंडाधिकारी, प्रथमवर्ग, ___ यांनी दि. ___ रोजी फिर्यादीशी तडजोड झाल्याने निर्दोष मुक्तता केली. निकालाची नक्कल सोबत जोडली आहे. अपील प्रलंबित नाही.”

*तपासा:* नुसतं ‘केस मिटली’, ‘आपसात मिटवलं’ लिहिलेलं नाही ना? फॉर्मात एकच नाही, तीन-चार वेगळे प्रश्न असतात: अटक, गुन्हा, शिक्षा, प्रलंबित खटला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं द्या. अटक झाली नसेल तर तिथे ‘नाही’ हेच खरं उत्तर. आणि ‘अपील प्रलंबित नाही’ हे वकिलाकडून खात्री करून मगच लिहा, कारण निर्दोष निकालाविरुद्ध सरकार अपील करू शकतं आणि पीडित व्यक्तीही.

८. गावात घेतलेला आळ उतरवताना

सगळं काही कोर्टात जात नाही. बचत गटाच्या हिशेबात फरक निघाला, सोसायटीच्या गोदामात खताची पोती कमी भरली, लग्नाच्या घरात अंगठी दिसेना, की आधी कुणावर तरी आळ येतो. मागाहून वस्तू सापडते, हिशेब जुळतो. मग मोकळं करायची वेळ येते आणि तिथे भाषा घसरते.

‘झालं गेलं गंगेला मिळालं’, ‘आम्ही मोठ्या मनाने माफ केलं’, ‘चूक पदरात घेतली’. तिन्ही वाक्यांत दोष, जिच्यावर आळ आला त्या बाईकडेच राहतो. चूक पदरात घ्यायला चूक तिने करायला हवी होती ना? ‘ती काय धुतल्या तांदळासारखी आहे’ हे तर कौतुकाच्या सुरात म्हटलं तरी टोमण्यासारखं ऐकू येतं. इथे सरळ शब्द हवेत: आळ खोटा होता, संशय चुकीचा होता, तो मागे घेतो.

क्रम असा ठेवा. काय आरोप झाला, खरं काय निघालं, ते कशावरून कळलं, आरोप चुकीचा होता, तो मागे घेतो, दिलगिरी. दिलगिरी सगळ्यात शेवटी. आधी आली की बाकीचं कुणी वाचत नाही. आणि ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ मधला तो ‘तर’ काढून टाका. दुखावल्या आहेतच.

गटाच्या इतिवृत्तात असं लिहिता येईल:

“दि. ___ च्या बैठकीत गटाच्या शिल्लक रकमेत ४,२०० रुपयांचा फरक असल्यावरून सचिव श्रीमती ___ यांच्यावर संशय व्यक्त करण्यात आला होता. बँक पासबुक तपासले असता ही रक्कम दि. ___ रोजी खात्यात जमा झाल्याचे व तिची नोंद वहीत घ्यायची राहिल्याचे दिसून आले. रकमेची कोणतीही अफरातफर झालेली नाही. श्रीमती ___ यांच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता. तो सर्व सदस्य मागे घेत आहेत व त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करीत आहेत.”

*इशारा:* आळ जिथे घेतला, तिथेच उतरवा. आरोप दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केला आणि दिलगिरी घरी जाऊन चहा पिता पिता दिली, तर हिशेब पूर्ण होत नाही. पारावर बोलला असाल तर पारावर बोला. आणि जुना मेसेज नुसता डिलीट करू नका. ‘हा संदेश हटवला आहे’ एवढंच दिसतं आणि लोक उरलेलं आपल्या मनाने भरतात.

९. पाठवण्याआधी शेवटचा हात

मोठ्याने एकदा वाचा आणि प्रत्येक सुटकेच्या शब्दापुढे ‘कोणी?’ विचारा. उत्तर वाक्यात नसेल तर वाक्य परत लिहा. आरोपींची संख्या आदेशाशी ताडून पाहा. नावं दोनदा ताडा, कारण एकाच आडनावाचे चार आरोपी आणि त्यातले दोघेच सुटलेले, हे आपल्याकडे नेहमीचंच. मथळा मजकुरापेक्षा जास्त बोलत नाही ना, ते बघा. मजकुरात ‘संशयाचा फायदा’ आणि मथळ्यात ‘सत्याचा विजय’ असेल तर मथळा बदला.

आरोपाची बातमी तुम्ही पहिल्या पानावर दिली होती का, हेही जुना अंक काढून बघा. दिली असेल तर सुटल्याची बातमी आतल्या पानावर, जाहिरातीखाली चार ओळींत ढकलू नका. आणि छापून गेल्यावर चूक लक्षात आली, तर दुरुस्तीत ‘काल अनवधानाने’ असं मोघम लिहू नका. काय चुकलं, बरोबर काय, दोन्ही लिहा: “काल पाचही आरोपी निर्दोष सुटल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात तिघांची निर्दोष मुक्तता झाली असून उर्वरित दोघांना दोषी ठरवून शिक्षा सुनावण्यात आली आहे.” माझी दुरुस्ती ‘अनवधानाने’ एवढ्यावरच उरकली होती, आणि कोण तिघे सुटले हे विचारणारे फोन पुढे आठवडाभर येत राहिले.